आत्मसन्मान : तुमचा आणि तुमच्या मुलांचा

टोमण्यांनी मूल खचते, हे आपण जाणतो. पण उठसूट केलेल्या कौतुकानेही ते उभे राहत नाही. मग स्वतःविषयीचा निकोप आदर येतो कुठून? आणि ज्या आईवडिलांना तो स्वतःलाच कधी मिळाला नाही, त्यांनी तो मुलांना द्यायचा कसा?

घरी पाहुणे आले आहेत. चहा झाला, चिवड्याच्या बशा फिरल्या. कुणीतरी विचारते, "काय रे, कितवीत आहेस?" मुलाने तोंड उघडण्याआधीच आई उत्तर देते, "सातवीत गेलाय, पण अभ्यासाच्या नावाने बोंब! मोठी आमची हुशार हो, हा मात्र अगदी 'ढ' निघाला." सगळे हसतात. मुलगाही कसनुसे हसतो आणि रिकाम्या बशा उचलून आत निघून जातो.

थोड्या वेळाने पाहुण्या बाई म्हणतात, "चिवडा काय सुरेख झालाय हो!" त्यावर तीच आई संकोचून म्हणते, "छे हो, या वेळी बिघडलाच जरा. मला कुठे तुमच्यासारखं जमतंय!"

यात कुणी कुणाला मारले नाही, कुणी रागावलेही नाही. असे बोलणे आपल्याकडे घरोघरी चालते. तरीही आतल्या खोलीत बसलेल्या मुलाने दोन धडे घेतले. घरची माणसे आपल्याला काय समजतात, हा एक. आणि शहाण्या माणसाने स्वतःबद्दल कसे बोलायचे असते, हा दुसरा. पहिला धडा त्याच्याविषयी होता, दुसरा आईविषयी. दोन्हींचा अर्थ मात्र एकच निघाला : आपण कमी आहोत.

म्हणूनच मुलांच्या आत्मसन्मानाचा विचार मोठ्यांना बाजूला ठेवून करता येत नाही.

आत्मविश्वास वेगळा, आत्मसन्मान वेगळा

हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. 'मला हे गणित सुटेल' हा आत्मविश्वास. 'गणित सुटले नाही, तरी मी टाकाऊ नाही' हा आत्मसन्मान. आत्मविश्वास कामागणिक बदलतो. शंभर माणसांचा स्वयंपाक न डगमगता करणारी बाई बँकेतला फॉर्म भरताना गांगरते, आणि कचेरी गाजवणारे साहेब नातवाचे दुपटे बदलताना घाबरतात. त्यात वावगे काहीच नाही. आत्मसन्मान मात्र एखाद्या कामापुरता नसतो. तो माणसाच्या बुडाशी असतो. तो भक्कम असेल, तर न येणारे काम शिकायला लाज वाटत नाही.

अहंकार ही तर तिसरीच गोष्ट. अहंकाराला उंच दिसण्यासाठी कुणीतरी खाली असावे लागते. आत्मसन्मानाला तशी गरज नसते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये आत्मसन्मान मोजण्यासाठी दहा विधानांची एक यादी तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते. तुम्ही इतरांपेक्षा श्रेष्ठ आहात का, असे त्या यादीत कुठेही विचारलेले नाही. इतरांच्या बरोबरीने आपणही मोलाचे माणूस आहोत असे वाटते का, एवढेच तिच्यात पाहिले जाते. वर नाही, खाली नाही, बरोबरीने.

'न्यूनगंड' हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला, त्यामागची कल्पना व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर यांची. लहानपणी ते स्वतः मुडदुसाने आजारी असत. त्यांचे म्हणणे असे, की मोठ्यांच्या जगात लहान मुलाला आपण छोटे आहोत असे वाटणे स्वाभाविकच आहे. त्या जाणिवेतूनच ते धडपडते, चालायला, बोलायला शिकते. पण ज्याची सतत हेळसांड होते, त्याच्या मनात या जाणिवेची गाठ बसते. आणि गंमत म्हणजे ज्याचे अतोनात लाड होतात, त्याच्याही मनात ती बसते. कारण ज्याला सगळे हातात मिळते, त्याला 'हे मला एकट्याला जमले' असे म्हणण्याची वेळच येत नाही. पुढे हीच गाठ झाकण्यासाठी काही जण मोठेपणाचा आव आणतात. वरून अहंगंड दिसतो, आत न्यूनगंड असतो.

कौतुकाचा पूर आणि त्याचा फुगा

मग उपाय काय? मुलांचे भरपूर कौतुक करायचे? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क एक समिती नेमली. १९९० मध्ये तिचा अहवाल आला. आत्मसन्मान वाढला की शाळेतील अपयश, व्यसने, गुन्हेगारी असे अनेक प्रश्न सुटतील, अशी आशा त्यामागे होती. वर्गावर्गांतून 'तू खास आहेस' हे मुलांच्या मनावर ठसवणे सुरू झाले.

पुढे २००३ मध्ये रॉय बॉमिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या असंख्य अभ्यासांची छाननी केली. तिचा निष्कर्ष अनेकांना धक्का देणारा होता. स्वतःबद्दल चांगले वाटणारी माणसे अधिक आनंदी असतात आणि अपयशानंतर चिकाटी धरतात, हे खरे निघाले. पण नुसता आत्मसन्मान फुगवल्याने मुलांचे गुण वाढत नाहीत, की ती व्यसनांपासून दूर राहत नाहीत. उलट अभ्यास चांगला जमू लागला, की मुलाला स्वतःबद्दल बरे वाटू लागते. म्हणजे आपण गाडी बैलांच्या पुढे जोडत होतो!

कौतुक नेमके कशाचे करतो, यालाही फार महत्त्व आहे. १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलांना काही कोडी सोडवायला दिली. नंतर काहींना सांगितले, 'तू हुशार आहेस.' काहींना सांगितले, 'तू चांगली मेहनत घेतलीस.' मग पुढची कोडी कोणती हवीत, हे मुलांनाच निवडू दिले. हुशारीचे कौतुक झालेल्या बहुतेक मुलांनी सोपी कोडी मागितली. मेहनतीचे कौतुक झालेल्यांनी नवे काही शिकवणारी निवडली. त्यानंतर सर्वांना मुद्दाम अवघड कोडी दिली, तेव्हा 'हुशार' मुले जास्त खचली. आपले गुण दुसऱ्यांना सांगताना त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी थापाही मारल्या. कारण उघड आहे. 'हुशार' ही पदवी एकदा मिळाली, की ती जाऊ नये म्हणून मूल जपून वागू लागते. पडण्याच्या भीतीने ते झाडावर चढतच नाही.

नेदरलँड्समध्ये एडी ब्रुमेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मुलांनी काढलेल्या चित्राला 'छान' म्हणणे वेगळे आणि 'अफाट सुंदर' म्हणणे वेगळे. ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटत होते, ती मुले अशा अवाच्या सव्वा स्तुतीनंतर अवघड चित्राला हात लावायला कचरली. पुढच्या वेळीही एवढे 'अफाट' जमेल का, ही धास्ती! आणि मोठी माणसे नेमकी अशाच हळव्या मुलांची जास्त स्तुती करतात, असेही त्यांना आढळले. हेतू चांगला, परिणाम उलटा.

याच संशोधकांनी २०१५ मध्ये सांगितले, की 'आमचे मूल इतरांपेक्षा खास आहे' असे मानणाऱ्या घरांत मुले आत्मप्रौढ होण्याचा संभव वाढतो. ज्या घरांत आईवडिलांची माया मुलाला जाणवते, तिथे आत्मसन्मान वाढतो. मुलाला डोक्यावर घेऊ नका, जवळ घ्या, असा याचा सरळ अर्थ.

माया हवी आणि मर्यादाही हवी

'आम्ही मुलांना काहीच बोलत नाही, त्यांचा आत्मसन्मान दुखावतो,' असे म्हणणारे पालक हल्ली भेटतात. त्यांनी स्टॅन्ली कूपरस्मिथ यांचा १९६७ सालचा अभ्यास जरूर लक्षात घ्यावा. दहा ते बारा वर्षांच्या, स्वतःबद्दल चांगले मत असलेल्या मुलांच्या घरी त्यांना तीन गोष्टी आढळल्या. पहिली, मुलाचा आहे तसा स्वीकार. दुसरी, घरातले नियम स्पष्ट आणि पाळले जाणारे. तिसरी, त्या नियमांच्या आत मुलाच्या मताला किंमत. मुलाच्या रूपाशी किंवा उंचीशी याचा संबंध नव्हता, आणि घरच्या श्रीमंतीशीही फारसा नव्हता.

नियमांमुळे मुलाला दोन गोष्टी कळतात. आपण काय करतो याकडे घरच्यांचे लक्ष आहे, आणि ते आपल्याकडून काही चांगल्याची अपेक्षा ठेवतात. 'सातच्या आत घरी ये' हा नियम मुलाला आवडणार नाही. पण आपण कधीही आलो तरी कुणाला फरक पडत नाही, ही जाणीव त्याहून कितीतरी वाईट. मात्र नियम मोडल्यावर चुकीबद्दल बोलावे, मुलाच्या लायकीबद्दल नव्हे. 'तू खोटं बोललास' हे वाक्य मुलाला सुधारण्याची वाट दाखवते. 'तू खोटारडाच आहेस' हे वाक्य ती वाट बंद करते.

हाताला काम, मनाला बळ

स्वतःबद्दलचा आदर उपदेशाने येत नाही, तो हातून काही घडल्यावर येतो. हे आपल्याकडच्या बालशिक्षणाच्या धुरीणांनी फार पूर्वी ओळखले होते. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. तिथे मुलांना मार नव्हता आणि बक्षिसांचे आमिषही नव्हते. माँटेसरी पद्धतीने मुले स्वतःची बटणे स्वतः लावत, पाणी ओतत, झाडलोट करत. तिथेच त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, त्यामुळे शाळेत येत नसत. 'ही मुले शिकणारच नाहीत' असे म्हणून हात झटकणे सोपे होते. या दोघींनी शाळाच कुरणात नेली. तिचे नावच पडले कुरणशाळा. तुझे गुरे राखणे हलके काम नाही, तू आहेस तिथून आपण सुरुवात करू, असा निरोप त्या मुलाला न बोलता मिळाला. आत्मसन्मान रुजवण्याची याहून सुंदर रीत क्वचितच सापडेल.

आपल्या घरात हे कसे आणायचे? चार वर्षांच्या मुलाला ताटे-वाट्या मांडू द्या. आठ वर्षांच्या मुलीला कोपऱ्यावरच्या दुकानातून मोजकी वस्तू आणू द्या आणि उरलेल्या पैशांचा हिशेब तिलाच देऊ द्या. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्यातून एकदा खिचडी किंवा पोहे करू द्या. मुलगा आहे म्हणून स्वयंपाकघराबाहेर ठेवू नका. पहिल्या दिवशी पोहे भिजून लगदा होतील. ते निमूट खावेत. 'हो बाजूला, तुला नाही जमणार' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळावे. काम लवकर उरकणे हा इथे हेतूच नाही. या घराचे माझ्यावाचून अडते, हे मुलाला कळणे हा हेतू आहे.

तुलनेचा काटा

'शेजारची बघ, कशी पहाटे उठून अभ्यास करते!' हे बोलण्यामागे आईचा हेतू चांगलाच असतो. पण त्यातून मूल पहाटे उठायला शिकत नाही. ते शेजारणीचा राग करायला मात्र शिकते. भावंडांतली तुलना तर जन्मभर पुरते. पन्नाशीच्या दोन भावांना एकमेकांशी मोकळेपणी बोलता येत नाही, त्याचे मूळ पुष्कळदा 'मोठा हुशार, धाकटा उनाड' अशा जुन्या वाटणीत असते.

रंगरूपावरून होणारी तुलना त्याहून विषारी. बारशाच्या दिवशीच आत्याबाई म्हणतात, 'नाकीडोळी नीटस आहे, रंग तेवढा जरा...' मग डाळीच्या पिठापासून क्रीमपर्यंत सगळे उपाय सुरू होतात. गोरेपणाचे वचन देणारी 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आपल्या बाजारात आली. तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द निघायला २०२० साल उजाडावे लागले. डबीवरचे नाव बदलले, पण विवाहाच्या जाहिरातींतली 'गोरी' अजून गेलेली नाही. 'दाखवण्याच्या' कार्यक्रमात पाचव्यांदा नकार आलेल्या मुलीला घरचे म्हणतात, 'तुझ्यातच काहीतरी कमी असेल.' त्या दिवशी तिला आपल्या बाजूने बोलणारे एक माणूस हवे असते. ते घरातच मिळाले नाही, तर कुठे मिळणार?

किशोरवयात स्वतःच्या दिसण्याविषयीचे मत आणि स्वतःविषयीचे एकूण मत यांचे नाते फार घट्ट असते, हे सुझन हार्टर यांच्या संशोधनातून वारंवार दिसून आले. म्हणून या वयात 'किती जाडी झालीस', 'काय हे तोंडावर पुटकुळ्या' अशी चेष्टा कटाक्षाने टाळावी. मूल हसून घेते, म्हणून त्याला लागत नाही असे नाही.

समाजच कमी लेखतो तेव्हा

घराने कितीही जपले, तरी मूल बाहेर पडते. तिथे त्याला जात, पैसा, भाषा यांवरून तोलले जाते. याचा परिणाम किती खोल होतो, ते कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी २००४ मध्ये मांडलेल्या एका प्रयोगाने दाखवले. उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. मुलांची जात उच्चारली गेली नाही, तेव्हा सर्व जातींच्या मुलांनी सारखेच काम केले. नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली, तेव्हा खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच होती आणि डोकी तशीच होती. फक्त आपल्याला कोणत्या नजरेने पाहिले जाते, याची आठवण करून दिली गेली होती.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. आम्हीही इतरांसारखी माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी ते पाणी होते. 'बरोबरीने' हा शब्द आपण सुरुवातीला पाहिला, त्याची किंमत कुणी कशी मोजली, हे मुलांना सांगितले पाहिजे. आणि सांगण्याआधी आपल्या घरात डोकवावे. कामवाल्या बाईंचा कप वेगळा ठेवलेला असेल, तर बरोबरीचे सारे धडे फुकट आहेत.

शाळेत शिक्षक मुलाचा पाणउतारा करत असतील, तर 'गुरुजी बोलणारच' म्हणून सोडून देऊ नये. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवला आहे. आधी शांतपणे शिक्षकांना भेटावे, मग मुख्याध्यापकांना. आईवडील आपल्यासाठी शाळेची पायरी चढले, एवढ्यानेही मुलाला धीर येतो.

मोठ्यांचे काय?

'तुम्ही काय करता?' या प्रश्नावर असंख्य स्त्रिया उत्तर देतात, 'मी? काही नाही, घरीच असते.' पहाटेपासून रात्रीपर्यंतचे काम, सासऱ्यांची पथ्ये, मुलांचे अभ्यास, महिन्याचे गणित, हे सगळे त्या 'काही नाही'मध्ये गडप होते. इंग्रजी येत नाही म्हणून मुलांच्या शाळेत पालकसभेला न जाणारे वडील, बढती हुकल्यापासून नातेवाइकांना टाळणारे काका, निवृत्तीनंतर 'आता आम्हाला कोण विचारतो' म्हणणारे आजोबा... या सर्वांचे दुखणे एकच. त्यांनी आपली किंमत कुठल्या तरी एका गोष्टीला बांधून टाकली आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी या गाठीवरच बोट ठेवले. त्यांचे विचार मराठी वाचकांपर्यंत नेण्याचे मोठे काम मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी केले. एलिस सांगतात, की कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. भाषण फसले, हे खरे असू शकते. पण 'म्हणून मी फसलेला माणूस' हे कुठल्या तर्काने ठरले? एक आंबा नासका निघाला, म्हणून कुणी पेटी फेकत नाही!

हे आचरणात आणण्याची एक सोपी रीत आहे. दिवसभरात स्वतःला दिलेल्या शिव्या रात्री एका वहीत लिहून काढा. 'मी मूर्ख आहे', 'माझ्याकडून काहीच होत नाही.' मग प्रत्येक वाक्यापुढे विचारा, याला पुरावा काय? 'काहीच होत नाही' म्हणजे आज दिवसभरात खरोखर काहीच झाले नाही? त्यानंतर तेच वाक्य खरेपणाने पुन्हा लिहा : 'आज गॅसचं बिल भरायचं राहिलं. उद्या सकाळी भरीन.' शिवी गेली, चूक उरली, आणि चूक दुरुस्त करता येते. आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीकडून हीच चूक झाली असती, तर आपण तिला काय म्हटले असते, हाही प्रश्न विचारून पाहावा. स्वतःशी असे मायेने वागणारी माणसे आळशी होत नाहीत, उलट चुकीतून लवकर सावरतात.

आणखी काही साध्या गोष्टी. कुणी चिवड्याला छान म्हटले, तर 'आवडला ना? बरं वाटलं' एवढेच म्हणावे. जमणार नसेल, तिथे कारणांचा पाढा न वाचता 'या वेळी नाही जमणार' असे सांगायला शिकावे. सायकल, हिशेब, मोबाइलवरून पैसे पाठवणे, असे वर्षाला एक तरी नवे काम हाती घ्यावे आणि ते मुलांकडून शिकावे. आई चुकते, हसते आणि पुन्हा करून पाहते, हे दृश्य मुलाला दहा व्याख्यानांहून अधिक शिकवते.

आता वय झाले, आता काय बदलणार, असे वाटत असेल तर एक दिलासा. दीड लाखाहून अधिक लोकांविषयीची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की सरासरीने माणसाचा आत्मसन्मान लहानपणापासून वाढत जातो आणि साठीच्या आसपास सर्वांत उंच असतो. चाळिशी ही उतरण नव्हे, चढण आहे.

निकालाच्या दिवशी

या साऱ्याची कसोटी लागते ती निकालाच्या दिवशी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यामागची कारणे अनेक असतात, सारा दोष परीक्षेवर किंवा आईवडिलांवर टाकणे बरोबर नाही. पण 'आता घरी तोंड कसं दाखवू?' हा प्रश्न एकाही मुलाला पडू नये, एवढी तजवीज तर आपल्या हाती आहे.

ही तजवीज निकालाआधी करायची असते. आठवडाभर आधीच मुलाला सांगा, 'निकाल काहीही लागो, त्या रात्री आपण सगळे एकत्र जेवणार आहोत.' नातेवाइकांचे फोन त्या दिवशी तुम्ही घ्या, मुलाच्या हाती देऊ नका. गुण कमी पडले असतील, तर पहिल्या दिवशी फक्त जवळ बसा. काय चुकले आणि पुढे काय करायचे, हे दोन-तीन दिवसांनी बोलता येते.

मूल खाणेपिणे सोडत असेल, एकटे राहू लागले असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा 'मी नसलो तर बरं' असे काही बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, मोकळेपणाने विचारा आणि डॉक्टरांची मदत घ्या. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. मोठ्यांनाही तिथे फोन करता येतो.

असे म्हणण्याऐवजी... असे म्हणून पाहा

• 'किती हुशार आहेस तू!' — 'तीनदा चुकलं तरी सोडलं नाहीस, ते मला आवडलं.'

• 'एवढंसुद्धा येत नाही?' — 'कुठं अडतंय? दाखव बघू.'

• 'रडतोस काय मुलीसारखा?' — 'वाईट वाटलंय ना? बस जरा माझ्याजवळ.'

• 'ताईकडून शिक काहीतरी.' — 'मागच्या महिन्यापेक्षा तुझं अक्षर सुधारलंय.'

• 'हो बाजूला, मी करते.' — 'तू कर, मी इथंच आहे.'

• 'लोक काय म्हणतील?' — 'तुला स्वतःला काय वाटतं?'

ही वाक्ये पहिल्या दिवशी तोंडात बसणार नाहीत. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी डावीकडचीच वाक्ये ऐकली आहेत, रागाच्या भरात तीच बाहेर पडणार. पडली, तर राग शांत झाल्यावर मुलाजवळ जावे आणि म्हणावे, 'मघाशी मी तुला जे बोलले, ते बरोबर नव्हतं.' आईवडिलांनी मुलाची क्षमा मागितल्याने त्यांचा मान कमी होत नाही. चूक कबूल करूनही माणूस ताठ उभा राहू शकतो, हे मूल त्या क्षणी प्रत्यक्ष पाहते. आत्मसन्मान म्हणजे काय, हे त्याला यापुढे वेगळे शिकवावे लागणार नाही.